इराबाईसाहेबांच्या बोटाचा कौल

श्रीकुलस्वामिनीस स्मरून, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यास बांधून, जे घडले तेच लिहिले आहे. पदरचे घातले नाही, गाळले असेल तर ते लाजेपोटी. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी एका तिसऱ्या मजल्यावरील राज्यात मोठे वर्तमान जाहले, त्याची ही हकीकत. राज्याचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. चतुःसीमा मात्र सांगावी: पूर्वेस कपडे वाळत घालण्याची गॅलरी, पश्चिमेस मोरी, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत, जीतून त्यांचा मिक्सर ऐकू येतो, आणि दक्षिणेस जिना, जेथे लिफ्टची पाटी आहे, लिफ्ट नाही. इतक्या मुलखावर राजे अभयराव राज्य करीत. दिवसा मोटारींच्या शोरूमात चाकरीस जात, गिऱ्हाइकांस नवी गाडी दाखवीत, आणि संध्याकाळी गडावर परत येत. राजे स्वभावे सौम्य, रणांगण पाहिलेले नाही. घोड्याशी संबंध म्हणावा तर एकवार, स्वतःच्या लग्नात. वरातीस घोडी आणली होती, तिने मान झटकताच राजे उतरवा उतरवा म्हणो लागले, आणि घोडीवाल्याने त्यांची मांडी धरून मारुतीच्या देवळापर्यंत नेले. ही गोष्ट राणी मैथिलीबाईसाहेब चारचौघांत सांगत, आणि राजे आपणच सर्वांआधी हसत. ऐसे सुखाचे राज्य होते.

मग वैशाखात राणीसाहेब प्रसूतीस गेल्या. राजे दवाखान्याच्या बाकावर बसले, जीव थाऱ्यावर नाही, आणि सोबतीस शोरूममधील सरदार शिरीषपंत. राजांची तगमग पाहून शिरीषपंतांनी मोबाईल पुढे केला. त्यात हिरव्या भूमीवर पांढरा घोडा असे निशाण असलेले ॲप होते. म्हणाले, मन दुसरीकडे लावा, शर्यतीतला एक घोडा निवडून त्यावर पैसे लावा, चहापाण्याच्या पैशाची गोष्ट आहे. राजांनी डोळे मिटून एक घोडा निवडला. इकडे नर्सबाई दार ढकलून मुलगी झाली म्हणाल्या, आणि तिकडे तोच घोडा सर्वांपुढे आला, एकाच घटकेस. मग काय विचारावे. शिरीषपंतांनी राजांस मिठी मारली आणि म्हणाले, ‘राव, पोरीचा पायगुण बघा.’ हा शब्द दवाखान्यातून निघाला तो गडावर पोहोचला, गडावरून नात्यागोत्यांत गेला, आणि बारशास पाळण्याभोवती तोच शब्द फिरत होता. कन्येचे नाव इरावती ठेविले, इरा म्हणत. त्या फत्तेतून राजांनी तिच्या पायांत चांदीचे वाळे घातले. राणीसाहेबांनीही ते वाळे पाहून आनंद मानिला, हे नाकारता येत नाही.

ऐसियास, ज्याने पहिल्या दिवशी दिले त्याच्याकडे मनुष्य पुन्हा जातो. राजांनी ते ॲप आपल्या मोबाईलात घेतले आणि मोहिमा सुरू जाहल्या. सकाळी पाताळदेशीचे घोडे, जेथे आपल्या पायांखाली लोक उलटे चालतात. दुपारी आपल्या मुलखातील. दिवेलागणीस टोपीकरांच्या चिखलातील. घोडे दरवाजात उभे राहिले की ॲपातून पिपाणी वाजे, आणि राजे कोचावर बसून फौजेस हुकूम सोडीत: आत घे, आत घे, बाहेरून कुठे चाललास. घोड्यास मराठी येत नाही, स्वारास येत नाही, तरी राजांचा आवाज सात समुद्रांपलीकडे जाई आणि शेजाऱ्यांचा मिक्सर बंद पडे. मांडीवर इरा. तिला वाटे हे सर्व आपल्यासाठीच चालले आहे. पिपाणी वाजली की ती पाय झाडी, वाळे वाजत, आणि राजे म्हणत, पहा, हिच्या अंगातच आहे. कधी जिंकत, तेव्हा गडावर आइस्क्रीम येई. हरत, तेव्हा काही येत नसे, आणि हळूहळू काही न येण्याचे दिवस वाढले.

तों आश्विनात एक गोष्ट घडली. सकाळची वेळ, राजे दोन घोड्यांत अडले होते, एकावर मन जाई, दुसऱ्यावर बोट जाई. इतक्यात इराने हात उचलून काचेवर थाप दिली, ती तिसऱ्याच एका घोड्यावर पडली, आणि तो घोडा, ज्यास कोणी हिंग लावून विचारीत नव्हते, तो पहिला आला. राजांच्या मातोश्री कुसुमबाई तेथेच मेथी निवडीत होत्या. त्या मूळच्या कोकणातील. त्यांच्या गावी देवास कौल लावण्याची चाल आहे: देवाच्या अंगास ओली फुले चिकटवतात, मनातली गोष्ट विचारतात, उजवीकडचे पडले तर देव हो म्हणाला, डावीकडचे पडले तर नाही. मातोश्री सहज बोलून गेल्या की लहान मूल म्हणजे देवच, त्याच्या हाताचा कौल खोटा कसा जाईल. बोलणे सहज होते, परंतु राजांनी ते मनी धरिले. त्या दिवसापासून प्रत्येक मोहिमेस इराचा कौल घेऊ लागले. ती निजली असली तर गालास हात लावून उठवीत, खेळत असली तर उचलीत, आणि इवले बोट दोन बोटांत धरून काचेसमोर नेत, ‘सांग ग माझी बाय, कुठला?’ आणि ते बोट जिकडे पडे तिकडे राज्य लागे.

एके सकाळी इरा राणीसाहेबांच्या पदराखाली दूध पीत होती. पाताळदेशी घोडे उभे राहिले. राजे धावत आले आणि हात पुढे केले. राणीसाहेब म्हणाल्या, पोट भरू द्या तिचे. राजे म्हणाले, दोनच मिनिटे, दरवाजे उघडायचे आत. आणि त्यांनी लेकीस दुधावरून सोडवून नेले. ओठांस दूध तसेच. तेव्हा मातोश्री स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, हातात उलथने, आणि म्हणाल्या, ‘अभ्या, देवालासुद्धा नैवेद्य झाल्यावर कौल लावतात रे. जेवू दे तिला.’ राजांनी ऐकले नाही. इरा रडत होती, रडता रडता बोट पडले, आणि घोडा मागे राहिला. मग राजांनी जे केले ते फार मोठे नव्हते. मारले नाही, ओरडले नाही. फक्त लेकीकडे पाहिले, जसा मनुष्य न पावलेल्या देवाकडे पाहतो, आणि तिला परत राणीसाहेबांच्या मांडीवर ठेविले. आज हिचे लक्ष नव्हते, इतकेच म्हणाले. ती पुन्हा दुधास लागली, तिला काही कळले नाही. राणीसाहेबांस कळले. खजिन्याचे काय जाहले ते या बखरीत लिहीत नाही. वाळे ज्या वाटेने आले त्याच वाटेने गेले, इतके पुरे. राणीसाहेबांस वाळ्यांचे दुःख नव्हते. दुःख त्या पाहण्याचे होते.

मग शपथांचे पर्व सुरू जाहले. राजांनी देव्हाऱ्यापुढे शपथ घेतली. ती मोडली. स्वतःच्या गळ्याची घेतली, मोडली. मातोश्रींची घेतली, तीही मोडली. प्रत्येक वेळी राणीसाहेबांसमोर ॲप पुसून काच दाखवीत, बघ, गेले. आणि साखरेच्या डब्याशी जशा झाडलेल्या मुंग्या परत येतात तसा पांढरा घोडा परत येई. राजे खोटे बोलण्यात कच्चे. आधी डोळ्यांनी सापडत, म्हणून पुढे मोरीचे दार लावून, आत नळ सोडून मोहीम चालवू लागले. नळाच्या आवाजात पिपाणी कोणास ऐकू जाणार, ऐसा त्यांचा हिशेब. परंतु इकडे चटईवर पालथी पडलेली इरा एकाएकी मान उचली, मोरीच्या दाराकडे पाही, आणि हवेत बोट उभे करी. मातोश्री ते पाहत आणि तोंड फिरवीत. राणीसाहेब ते पाहत आणि दाराशी जाऊन काही विचारीत नसत. लेकीने उत्तर दिलेले होते. कितीदा तरी ऐसे जाहले, आणि प्रत्येक वेळी राजे ओले हात पुसत, हसत बाहेर येऊन विचारीत, ‘काय म्हणतंय माझं पिल्लू?’

येथे इराबाईसाहेब जाग्या जाहल्या, त्यांस थोपटून निजविले. पुढील मजकूर दोरी पुन्हा अंगठ्यास बांधून लिहिला आहे.

मार्गशीर्षात इराची उष्टावण ठरली. पहिला घास मामाने भरवावा अशी चाल, सबब राणीसाहेबांचे बंधू सौमित्रराव माहेराहून गाडी घेऊन आले. आदल्या संध्याकाळी राणीसाहेबांनी राजांस गॅलरीत बोलावून शांतपणे सांगितले, की बॅग भरून पलंगाखाली ठेविली आहे. उद्या घास भरवून जाहला की एक गोष्ट मागेन. ती दिलीत तर बॅग उघडून कपडे पुन्हा कपाटात लावीन. नाही दिलीत तर दादाच्या गाडीतून जाईन. राजे म्हणाले, माग ना, काय वाटेल ते माग. आणि चिमटे काढून लंगोट गोळा करो लागले, घड्या घातल्या, नीट घातल्या.

दुसरे दिवशी पाटाभोवती रांगोळी, चांदीची वाटी शेजाऱ्यांकडून आणलेली, वाटीत तांदळाची खीर. राजांनी इरास मांडीवर घेतले, नवे परकर-पोलके, कपाळास काजळाची तीट. सौमित्ररावांनी चमचा उचलला आणि म्हणाले, आता भाचीबाई, मामाची आठवण ठेवा, नाहीतर लग्नात तक्रार करीन. सर्व हसले. चमचा ओठांशी आला. आणि राजांच्या खिशातून पिपाणी वाजली. इराने तोंड फिरविले. चमचा गालास लागला, खीर हनुवटीवरून ओघळली, आणि तिने ताठ, निर्धास्त, शिकविल्याप्रमाणे बोट वर केले. सौमित्रराव पुन्हा हसले, त्यांस ठाऊक नव्हते. मातोश्रीही हसल्या, आणि मध्येच थांबल्या. राजांनी खिशावर हात दाबिला, जैसे काही तेथे रडते मूलच होते. मग खीर पुसली, घास पुन्हा भरविला, इराने तोंड वाकडे केले आणि गिळला, आणि ओवाळणी जाहली.

मग राणीसाहेब पुढे बसल्या. राणीसाहेबांच्या माहेरी मुलाच्या डोक्यावरची शपथ कोणी कोणास घालीत नाहीत. त्या घरचे म्हणणे, ती घातली म्हणजे पुढे घालावयास काही उरत नाही. तरी त्या म्हणाल्या, ‘अहो, हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा, आजपासून नाही. एवढंच मागतेय.’

राजांनी हात उचलला. सर्वांनी पाहिला. हात इराच्या टाळूपर्यंत आला आणि वीतभर वर थांबला. मिक्सर चालू होता तो ऐकू येत होता. राजे म्हणाले, ‘मैथिली, हिच्यावर नको घालू.’

‘दुसरी कुठली उरलीय?’

‘आईची घेतो. आत्ता घेतो.’

मातोश्री पाटाजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘माझी घेऊन झाली की रे, बाळा.’

हात तसाच होता. इराने वर पाहिले, तिला तो खेळ वाटला, तिने टाच मारून उंच होऊन त्यातले एक बोट पकडिले आणि खाली ओढू लागली. राजे हात वरच धरून राहिले. लेकीने ओढला तरी हात टेकला नाही. मग राजे म्हणाले, ‘खोटं ठरेल ते.’ वैशाखापासून राजांच्या तोंडून इतका खरा शब्द निघाला नव्हता. जो देवाला भ्याला नाही, आईला भ्याला नाही, तो लेकीच्या टाळूला भ्याला. राणीसाहेब त्याच क्षणी समजल्या की मनुष्य बुडाला आहे, आणि हेही समजल्या की याच्याइतके या मुलीवर दुसरे कोणी प्रेम करणार नाही. दोन्ही गोष्टी एकदम समजल्यामुळे त्यांस रडू आले नाही. त्या उठल्या आणि पलंगाखालची बॅग ओढून काढिली.

बॅग राजांनीच उचलिली. सौमित्रराव घेऊ लागले तर दिली नाही. तीन मजले उतरले. मधल्या मजल्यावर थांबून परत वर धावले, मोहरीची उशी राहिली होती ती आणिली, डोक्यास आकार चांगला येतो म्हणून. खाली राणीसाहेब गाडीत बसल्या, इरा मांडीवर. मातोश्री वर गॅलरीत उभ्या, पदर तोंडास. राजांनी खिडकीतून आत वाकून लेकीच्या डोक्यावर हात ठेविला. पूर्ण ठेविला, तळहात भरून. काही बोलले नाहीत, आणि कोणी बोलावेही म्हटले नाही. मग गाडी निघाली. वळणापर्यंत राजे हात तसाच धरून उभे दिसले, जैसे खाली अजून डोके आहे. वळण आले तेव्हा तो हात खिशाकडे जाताना दिसला. राणीसाहेबांनी पुढे पाहिले नाही.

तात्पर्य इतकेच, की त्या मोहिमेत कोणता घोडा जिंकला हे या बखरीस ठाऊक नाही. राज्य शाबूत आहे, सीमा त्याच आहेत, मधोमध पाळण्याचा रिकामा हूक आहे, पाळणा इकडे आणिला. माहेरी सकाळी भंगारवाला पिपाणी वाजवीत जातो. इरा मान उचलते आणि बोट उभे करते. तेव्हा राणीसाहेब ते बोट आपल्या मुठीत घेतात, आणि आवाज लांब जाईस्तोवर धरून ठेवितात. राजांनी यावे, हात ठेवावा, बोलावे, इतकीच वाट पाहणे उरले आहे. पौष सरला. अद्याप आले नाहीत.