बाकावर उभा राहा

“चोराला ओरडायचं असतं, निकिता. पकडायचं नसतं.”

शामकांतकाकांनी हे मला गेल्या जानेवारीत सांगितलं होतं, जास्वंदीला खत घालता घालता. मी “हो काका” म्हटलं आणि मनात म्हटलं, म्हातारी माणसं काहीही बोलतात. इंजिनिअरिंगची पदवी असली की असं मनात म्हणायला फार वेळ लागत नाही.

काका आमच्या समोरच्या बंगलीत एकटे राहायचे. सावेडीत आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, मध्ये गल्ली, पलीकडे त्यांचं अंगण. विज्ञानाचे निवृत्त मास्तर. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय नुसते सोबतीला राहिले. वाकता येईना, खाली बसलं तर उठता येईना. दुसऱ्या कुणी बाग सोडली असती. काकांनी बागच उचलून वर आणली. शाळेनं मोडीत काढलेले सहा बाक मागून आणले, त्यांच्यावर कुंड्या मांडल्या आणि वांगी, मिरच्या कमरेच्या उंचीवर लावल्या. जमिनीत बी पेरायचं असलं तर पाइपचा तुकडा खड्ड्यात टेकवायचा आणि वरून एकेक दाणा सोडायचा. खुरपं सायकलच्या ट्यूबनं काठीला बांधलेलं.

“अख्ख्या नोकरीत हेडमास्तरांपुढे वाकलो नाही,” म्हणायचे, “आता वांग्यापुढे वाकू?”

फाटकाचा बंदोबस्तही त्यांचाच. कडीला नायलॉनची दोरी बांधून ती खिडकीतून थेट खाटेपर्यंत नेलेली, टोकाला पितळी घंटी. फाटक हललं की घंटी वाजायची. रोज पहाटे पावणेसहाला ती वाजायचीच, कारण कुणीतरी जास्वंदीची फुलं तोडायला यायचं. काका आडव्यानंच गर्जायचे, “कोण आहे रे तिकडे? बाकावर उभा राहा!”

त्या आवाजानं आमची संस्कृती, वय वर्षं चार, दचकून जागी व्हायची आणि गादीवर उभी राहायची.

आता देवाची फुलं पहाटे कुणाच्याही कुंपणावरून घ्यावीत, त्याला आपल्याकडे चोरी म्हणत नाहीत, हे मलाही ठाऊक आहे. माझी आई फिरायला जाताना पिशवी घेते ती रिकामी कधी आणत नाही. पण आमच्या भागात तेव्हा दोन फ्लॅट फुटले होते आणि माझी झोप उडाली होती.

“फुलंच नेतोय ना?” माझा नवरा सुहास म्हणाला.

“आज फुलं नेतोय. उद्या पोर नेईल.”

“आपली? दोन तासांत आणून सोडेल.”

मी बंगळुरूला काकांच्या मुलीला, मनवाला, फोन केला. तीही काळजीनं अर्धी झालेली. दोन काळजीखोर बायका फोनवर भेटल्या की तिसऱ्या दिवशी कुरिअर येतं. एक कॅमेरा आला, जास्वंदीच्या वर बसला, त्याचं चित्र माझ्या आणि मनवाच्या मोबाईलवर. फाटकाला आकड्यांचं कुलूप आलं, त्याचा आकडा मनवाला बंगळुरूहून मोबाईलवर बदलता यायचा. ते बसवणाऱ्यानं आधी दोरी कापली, कारण दोरीमुळे फाटक घट्ट लागेना.

“घंटी राहू दे रे,” काका म्हणाले.

“काका, आता मोबाईल वाजेल ना,” मी म्हटलं.

“कुणाचा?”

“माझा.”

“आणि ओरडायचं कुणी?”

मी हसले. तसं हसायला नको होतं.

पहिल्याच दिवशी मोबाईल एकशे चाळीस वेळा वाजला. ‘हालचाल आढळली.’ पान हललं, मांजर गेलं, दूधवाला आला. दोनदा तर मीच गाऊन घालून कुलूप नीट लागलंय का ते बघायला गेले होते. कुलपाचा आकडा दूधवाल्याला सांगावा लागला, पेपरवाल्याला सांगावा लागला, आणि इस्त्रीवाल्याला सांगितला म्हणजे गल्लीला सांगितला. चोरालाही कळला असणार, कारण तो बिनदिक्कत आकडा दाबून आत आला आणि कॅमेऱ्यात सापडला. पांढरी टोपी, हातात पिशवी, पाच फुलं.

मी त्या चित्राला लाल गोल काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. ग्रुप चालवणारे छगनराव मिनिटात उगवले : ‘अरे, हे तर गहिनीनाथ! गिरणीमागच्या खोलीतले!’ मग प्रतिक्रिया सुरू झाल्या. ‘या वयात शोभतं का?’ ‘संस्कारच नाहीत.’ माझ्या आईची पिशवी आठवली आणि मी मोबाईल उलटा ठेवला.

संध्याकाळी ते स्वतः दारात आले. सत्तरीला टेकलेले, साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर जन्म गेलेला, टोपी हातात.

“ताई, फुलं मास्तरांची. मास्तरांची माफी मी मागंन. पर त्यो लाल गोल तेवढा काढता यील का? लेकाकडं नातवंडं मोबाईलात बगत्यात.”

“एकदा गेलेलं परत नाही घेता येत, बाबा,” मी म्हटलं.

“बरं,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. त्यानंतर आले नाहीत.

मनवानं घाबरून कुलपाचा आकडा बदलला. दूधवाल्यानं दोनदा चुकीचा दाबला आणि वैतागून पिशवी फाटकालाच अडकवायला लागला. पेपर भिंतीवरून यायला लागला. कामवाली दुपारी दोनला यायची. संस्कृती झोपेतून उठते म्हणून मी मोबाईलचा तो आवाज बंद केला. म्हणजे बंदोबस्त एकदम पक्का झाला.

एकदा काकांनी मला बाकापाशी थांबवलं. “पावणेसहाला जाग येते ग. मग काय करायचं ते कळत नाही.”

“निवांत झोपायचं, काका.”

“निवांतच झालंय सगळं,” ते म्हणाले आणि वांग्याचं पान उलटं करून कीड बघत बसले.

मार्चमधल्या एका गुरुवारी, सकाळी साडेदहाला, छगनरावांनी ग्रुपवर फोटो टाकला : काकांच्या फाटकाखालून गल्लीत वाहणारं पाणी. ‘पाण्याचा हा अपव्यय कधी थांबणार?’ त्यावर एका निवृत्त साहेबांनी हिवरे बाजारनं थेंब थेंब कसा अडवला यावर तीन परिच्छेद लिहिले. पाच जणांनी हात जोडले. मी अंगठा दाखवला आणि दोडका सोलायला घेतला.

अर्धा दोडका झाल्यावर हात थांबला. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा मिरचीला घालणारा माणूस नळ कसा चालू ठेवेल?

धावले. आकडा दाबला, कुलूप उघडेना. मनवानं रात्रीच तिसऱ्यांदा आकडा बदलला होता आणि मला सकाळी सांगणार होती. आता ती मीटिंगमध्ये. मी तिचं जन्मसाल दाबलं, काकांचं जन्मसाल दाबलं, भलतंसलतं दाबलं. पाचव्या चुकीला कुलपानं मलाच चोर ठरवलं आणि भोंगा सुरू केला. सगळी गल्ली जमली. छगनराव म्हणाले, “कुणी आकडा सांगितल्याशिवाय आपण आत जाणं कायद्यात बसत नाही.”

“सरा बाजूला.”

गहिनीनाथबाबा होते. गिरणीतून तसेच आलेले, हात पिठानं पांढरे. भिंतीला एका जागी वीट निसटलेली होती, तिथं त्यांनी न बघता पाय दिला आणि पलीकडे उतरले. ती जागा तुम्हाला कशी माहीत, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

काका दोन बाकांच्या मधे पडले होते. उजव्या हाताशी नळी, कपडे चिंब. बाबांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. काकांनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

“उशीर झाला. बाकावर... उभा राहा.”

“ऱ्हातो मास्तर,” बाबा म्हणाले. “ऱ्हातो.”

काका अकरा दिवस दवाखान्यात होते. बाराव्या दिवशी नव्हते.

तेराव्यानंतर मनवा आणि मी कॅमेऱ्यातलं पाहायला बसलो. पाच बावन्नला काका बाहेर येतात. नळी लावतात. पाच अठ्ठावन्नला डावा पाय साथ सोडतो. मग बराच वेळ ते उजवा हात वर करून कॅमेऱ्याकडे बघत हलवत राहतात, वर्गात एखादं पोर बाहेर जायची परवानगी मागतं तसा. माझ्या मोबाईलवर त्याची नोंद आहे. ‘हालचाल आढळली.’ त्रेसष्ट वेळा.

“मी आवाज बंद केला होता,” मी म्हटलं.

“मी आकडा बदलला होता,” मनवा म्हणाली.

चहा गार झाला.

जाण्यापूर्वी तिनं कॅमेरा आणि कुलूप काढायला लावलं, आणि झाडं गहिनीनाथबाबांच्या हवाली केली. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल तर कापलेली दोरी गाठ मारून जोडली.

एकदा ते पाणी घालत असताना मी विचारलंच, “बाबा, रोज पाच फुलांसाठी एवढ्या पहाटे यायचात?”

“फुलं मोप हायती ताई, गिरणीपाशी बी हायती.” त्यांनी नळी दुसऱ्या कुंडीत टाकली. “मास्तर वरडले की म्हनायचो, चला, मानूस हाय. मग घरी जाऊन च्या ठेवायचो. लई वर्सं झाली.”

“आणि त्यांना माहीत होतं, तुम्हीच ते?”

“न्हाई कसं? येकदा चार फुलं नेली तर दुसऱ्या दिशी वरडले, ‘कालचं एक राहिलं!’” ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, “मलाबी कुनीतरी रोज रागवत हुतं ना. मंडळी गेल्यापासनं कोन रागवतंय?”

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला कडी वाजली. बंद घरात, रिकाम्या खाटेपाशी घंटी वाजली. मी गॅलरीतून पाहिलं. बाबा जास्वंदीपाशी हात वर करून तसेच उभे होते, फूल तोडत नव्हते. पदवीधर बाई, पहाटेच्या गल्लीत ओरडणार कशी? शेवटी ओरडलेच.

“कोण आहे रे तिकडे? बाकावर उभा राहा!”

आत संस्कृती गादीवर उभी राहिल्याचा आवाज आला. बाबांनी पाच फुलं तोडली, पिशवीत टाकली आणि वर न बघता गेले.

तेव्हापासून रोज मी ओरडते. पण सुहासची नाशिकला बदली झाली आहे आणि एक तारखेला आम्ही निघतो आहोत. म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही सावेडीत आमच्या गल्लीच्या आसपास राहत असाल, तर बाकांवर वांगी असलेलं घर कुणीही दाखवेल. पावणेसहाला तिथली कडी वाजली की खिडकीतून ओरडा. लाजू नका, जरा मोठ्यानं ओरडा, बाबांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं.

आणि एखाद्या दिवशी कडी वाजली नाही, तर हातातलं काम तसंच ठेवा आणि जा. गिरणीच्या मागे पहिलीच खोली. दार नुसतं लोटलेलं असतं.