हिलालमामाची कराबीन

मी नवी गाडी घेतली तेव्हा ती सगळ्यात आधी मामांना दाखवायची, असा आईचा हट्ट होता. पिंप्राळ्यातून निघून, चोपड्यावरून पुढे अनेर नदी ओलांडून आम्ही हिलालमामांच्या मळ्यात पोहोचलो. मामांनी गाडीचा रंग पाहिला नाही, आतल्या गाद्या पाहिल्या नाहीत. ते थेट पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, कडेला तोलासाठी लावलेलं छोटं वजन नखाने खरवडलं आणि तृप्त होऊन म्हणाले, "हाई शिसं शे."

मला वाटलं, त्यांच्या पद्धतीने कौतुक चाललं असेल. भरीत-भाकरी खाऊन आम्ही परत निघालो. चोपडा मागे पडलं, गाडीने वेग घेतला आणि स्टिअरिंग थरथरायला लागलं. जळगावच्या टायरवाल्याने चाकं फिरवून पाहिली आणि विचारलं, "साहेब, चारही चाकांची वजनं कोणी काढली?" आपला सख्खा मामा शिसेचोर आहे, हे परक्या माणसाला कशाला सांगायचं?

तर हिलालमामा बंदुकीच्या गोळ्या ओततात. त्यांच्यासमोर मात्र बंदूक म्हणायची सोय नाही. "बंदूक पोलिसेसकडे ऱ्हास. हाई कराबीन शे." पूर्वी घोडेस्वार शिपाई पाठीला अडकवत तसली ही आखूड, हलकी वस्तू, कुठल्याशा जुन्या पलटणीतून आमच्या पणजोबांच्या हाती आलेली. ती नळीच्या तोंडातून ठासावी लागते. आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठोकणं, मग मागे ठिणगी पाडणारी टोपी. एवढं होईपर्यंत रानडुक्कर केळीचा घड संपवून, ढेकर देऊन सातपुड्यात परत पोहोचतं. पिकाच्या राखणीसाठी धुळ्याच्या कचेरीतून कराबिनीला रीतसर लायसन मिळालेलं आहे. मामांनी आजवर एकही डुक्कर मारलेलं नाही. डुकराच्या केसालाही धक्का लागल्याचं ऐकिवात नाही.

गोळ्या मात्र बघाव्यात. घरामागच्या छपरात चूल पेटते, कढईत शिसं वितळतं, मामा वरची मळी काढतात आणि श्वास रोखून साच्यात धार सोडतात. कढई मामींची, पळीही मामींचीच. दोन्ही स्वयंपाकातून कायमची गेली. "मनी कढई गयी, पळी गयी," मामी म्हणतात, "आते माले बी तेम्हा टाकतीन."

साचा उघडला की गोळी फडक्यावर पडते. मग मामा चष्मा पुसतात, गोळी उजेडात धरतात, चारी बाजूंनी फिरवतात. तिच्या अंगावर केसाएवढी सुरकुती दिसली तरी तोंड वाकडं करतात.

"रुसनी ती."

रुसलेली गोळी परत कढईत. जी रुसत नाही ती तराजूत. हा तराजू जळगावच्या एका सराफाने मोडीत काढलेला. माझ्या लग्नात आहेराची अंगठीसुद्धा मामांनी इतक्या निगुतीने निवडली नव्हती. दिवसभराच्या खटाटोपातून चार-दोन गोळ्या पास होतात. बाकीच्यांचा दोष धुळ्याच्या लेथवाल्याचा, कारण साचा त्याने बनवून दिलेला. त्याला मामांच्या इतक्या शिव्या बसल्या आहेत की बिचारा दुसऱ्या एखाद्या धंद्यात गेला असेल.

इतकी मेहनत करून होतं काय? रोज सूर्य बुडाला की मामा नदीकडच्या मातीच्या दरडीपुढे उभे राहतात आणि एक बार उडवतात. फक्त एक. मग धुरात हात वर करून, मान तिरकी करून कान देतात. आपण बोललो तर डोळे वटारतात. थोड्या वेळाने "उना" किंवा "नही उना", म्हणजे आला किंवा नाही आला, एवढंच बोलून घरात येतात. "उना" म्हटलं की मामा दोन भाकरी जास्त खातात. "नही उना" म्हटलं की वाऱ्याला, दारूला आणि लेथवाल्याला शिव्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दरड उकरून तीच गोळी शोधून आणायची आणि पुन्हा कढईत टाकायची. माझ्या चाकांतलं शिसं अशा रीतीने किती वेळा दरडीत जाऊन आलं असेल, देव जाणे.

डुकरांना हे वेळापत्रक पाठ झालेलं आहे. ती बार होईपर्यंत थांबतात आणि मग निवांत जेवायला येतात.

"मामा, गोळी कशाला लागते?" मी एकदा विचारलं. "नुसती दारू भरून आवाज काढा. नाहीतरी कोणाला लागत नाहीच."

"गोळीबिगर बार फुसका उडस. आवाज पोचस नही."

"पोचवायचा कुठे आहे?"

मामा गज पुसत राहिले. मग म्हणाले, "डुकरेसले." मी मनात म्हटलं, ह्या माणसापुढे डोकं फोडून काही उपयोग नाही.

बांधापलीकडे माझे धाकटे मामा राहतात, भिकनमामा. त्यांची पद्धत सुटसुटीत आहे. हिलालमामांचा बार झाला की ते पत्र्याचा डबा काठीने बडवतात, डुकरं पळावीत म्हणून. ह्या दोघा भावांची वाटणी माझ्या लहानपणी झाली. वाटणी कसली, फाळणीच. विहिरीच्या पाळ्या वाटल्या, बैल वाटले, आजीचा पाटा एका घरी गेला आणि वरवंटा दुसऱ्या घरी. कराबीन तेवढी वाटता येईना. लायसन थोरल्याच्या नावावर, म्हणून ती हिलालमामांकडे राहिली. तेव्हा भिकनमामांनी कोनाड्यातला पणजोबांचा साचा उचलला आणि ते बांध ओलांडून गेले. त्यानंतर दोघे एकमेकांशी शब्दही बोलले नाहीत. आई दर राखीपौर्णिमेला दोन घरी राख्या बांधते, दोन घरी जेवते आणि दोन दिवस आजारी पडते. माझ्या मते दोघेही सारख्याच मापाचे मूर्ख होते.

मग निवडणूक लागली. पोलीस पाटलांनी निरोप आणला की लायसनची हत्यारं ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत मिळतील. हिलालमामा अडून बसले. आईने मला पिटाळलं. मी त्यांना आणि त्या कराबिनीला गाडीत घालून ठाण्यावर नेलं. हवालदाराने नळीला चिठ्ठी बांधून ती कोपऱ्यात उभी केली. नळीला तेल कधी लावायचं, कराबीन टेकवायची कशी, ओल कुठून येते यावर मामांनी त्याला इतकं लांबलचक प्रवचन दिलं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

परत येताना ते म्हणाले, "महिनाभर बार नही उडाव?"

"डुकरांनाही सुट्टी नको का?" मी म्हटलं.

"तुले नही समजाव," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला राग आला. ह्या वयात एका लोखंडी नळीसाठी चेहरा पाडायचा म्हणजे काय!

पुढच्या रविवारी आईला घेऊन गेलो तर छपरात चूल थंड होती. मामांची दाढी वाढलेली. "जेवतस नही, बोलतस नही," मामी म्हणाल्या. सूर्य बुडाला तसे मामा उठले आणि रिकाम्या हाताने दरडीपुढे जाऊन उभे राहिले. मी गाडीपाशी उभा राहून बघत होतो. बार नाही, धूर नाही. पलीकडून डबाही वाजला नाही.

इतक्यात बांधावरच्या केळी हलल्या. मी डुक्कर समजून काठी उचलली. पानं बाजूला सारत भिकनमामा बाहेर आले. एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि धाप लागलेली. भावाला समोर उभा पाहून ते जागच्या जागी थबकले. मग माझ्याकडे वळले.

"सुन्या, इचार तुना मामाले, जित्ता शे का?"

"सांग त्याले, जित्ता शे," हिलालमामा म्हणाले.

"मंग बार कसाले उडस नही?"

"सांग, निवडनूक शे. ठाण्याम्हा जमा करेल शे."

मी काही सांगायची गरजच नव्हती. मी नुसता मध्ये खांबासारखा उभा होतो.

"मंग सांगानं व्हतं!" भिकनमामा एकदम ओरडले, आणि आता ते माझ्याकडे बघत नव्हते. "इतला दिन व्हई गयात, रोज डबा धरीसन बसस मी! मले वाटनं, गया मना भाऊ!"

हिलालमामा म्हणाले, "तू बोलस का मनासंगे? कोनले सांगू?"

भिकनमामांनी नाक पुसलं आणि आवाज पुन्हा कडक केला. "अन् बार तरी कसा तुना! ढिला उडस. वारा ऱ्हायना तर ऐकूच येस नही. साचा ढिला शे तुना." त्यांनी बंडीच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, बांधाच्या दगडावर ठेवलं आणि आले तसे पानांत शिरून निघून गेले.

फडकं मी उघडलं. आत पणजोबांचा साचा. गंजाचा कण नाही, ताज्या तेलाने चकचकीत. भाऊ मेला की काय ते बघायला येताना कोणी खिशात साचा घालून येतं का? ह्या माणसाने इतकी वर्षं बंदुकीशिवाय नुसत्या साच्याला तेल लावलं होतं.

मामा साच्याकडे बघत होते, हात लावत नव्हते. तेवढ्यात पलीकडून डबा वाजला. ठण, ठण, ठण. मामांचा हात आपोआप वर गेला, मान तिरकी झाली.

"उना," ते म्हणाले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मला स्वतःची अतोनात लाज वाटली. इतकी वर्षं मी त्या बाराला हसत होतो आणि मामा कान देत होते त्या डब्यासाठी.

मामांनी दोन पावलं घरामागच्या छपराकडे टाकली, मग थबकले, कारण कराबीन नव्हती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. नजर माझ्या गाडीवर येऊन थांबली.

"काय देखस, येड्या? हॉर्न वाजाड!"

मी धावत जाऊन गाडीत बसलो आणि हॉर्न दाबला. आई आणि मामी घाबरून बाहेर आल्या, कुत्री भुंकायला लागली, झाडांवरची पाखरं उठली. पलीकडून डबा पुन्हा वाजला, ह्या वेळी जोरात. मामा साचा मांडीवर घेऊन त्याच पुढच्या चाकाला पाठ लावून बसले होते आणि धोतराच्या टोकाने डोळे पुसत होते. मी हॉर्नवरचा हात काढला नाही.