परबकाकांच्या बियांचा पंखा

ऐन ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या शेजारच्या परबकाकांच्या घरात पंखा फिरतो तो तवशाच्या बियांसाठी. तवसं म्हणजे कोकणातली जाडजूड पावसाळी काकडी. तिच्या बिया आत खाटेवर, धुतलेल्या पंचावर ऐसपैस पसरलेल्या असतात आणि काका बाहेर पॅसेजमध्ये स्टुलावर बसून घाम पुसत असतात. पाहुणा आला तर त्यालाही स्टूलच.

काका मालवणकडचे. मुलुंडच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या गच्चीवर ड्रमांत भाज्या लावतात. मंत्र एकच, "बी सुकवूची असता, भाजूची नसता."

एकदा माझ्या बायकोने, वर्षाने, मदत म्हणून त्यांचा पंचा बियांसकट गच्चीवर नेऊन कडक उन्हात पापडांशेजारी पसरला. काकांना कळलं मात्र, छत्री घेऊन धावले. छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही, बियांवर.

"वर्षा, पापडाक कोंब येवचो नसता गो. माझ्या बियेक येवचो असता."

दुधाचा हिशेब द्यायला गेलं तरी ते हातात एक बी ठेवतात. "वाकव." वाकली तर ओली, परत पंख्याखाली. कट्कन मोडली तर बाकीच्या डब्यात. आमच्या सेक्रेटरींनाही यातून सुटका नाही.

ही विद्या मुळात काकूंची. त्या गेल्या, तेव्हा त्यांनी सुकवलेल्या तवशाच्या बियांचा शेवटचा डबा कपाटात राहिला. काका त्याला हात लावू देत नसत. वर्षा जरा तोंडाळच आहे. या उन्हाळ्यात तिने विचारलंच, "काका, बी जुनी झाली की उगवत नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग हा डबा कशाची वाट बघतोय?"

काकांनी कपाटाचं दार लावून घेतलं. "पेरलंय आणि उगावला नाय, तर माझ्याकडे रवला काय?"

पण जूनमध्ये त्यांनी सगळ्या बिया पेरल्या. मग रोज सकाळी चहाआधी गच्ची. आठवडा उलटला तरी ड्रममध्ये नुसती माती. काकांनी मंत्र म्हणणंसुद्धा सोडलं, तेव्हा मात्र आम्हाला काळजी वाटायला लागली. शेवटी एकच कोंब आला. त्या वेलावर एकच तवसं धरलं.

सगळ्या मजल्याला धोंडसाचा, म्हणजे तवसं किसून केलेल्या गोड केकचा, आधीच वास यायला लागला. वर्षाने गूळही आणून ठेवला. काकांनी कोणाला बोट लावू दिलं नाही. तवसं वेलावरच पिवळंधमक होऊ दिलं, मग बिया काढल्या. खाटेवर सध्या सुकतायत त्या याच.

काल ते पॅसेजमध्ये घामाने निथळत बसले होते. मी म्हटलं, "काका, आमच्याकडे चला, पंख्याखाली बसा. नाहीतर बिया जमिनीवर पसरा, तुम्ही खाटेवर पडा."

"नको रे," काका आत बघत म्हणाले. "ती खाट तिची. किती दिवसांनी तिच्या खाटेर कोणतरी आसा. बरा वाटता."

 मी माझ्या घरातून दुसरं स्टूल आणलं आणि त्यांच्याशेजारी बसलो.