पोटातलं वाढीव बांधकाम

अतिक्रमण निर्मूलन खात्याच्या साहेबांच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीतून काही पिशव्या बाहेर आल्याचं सोमवारी सकाळी उघडकीस आलं. या पिशव्यांना कुणाचीही परवानगी नव्हती. नकाशा मंजूर नव्हता, शेजाऱ्यांची संमती नव्हती. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे ज्यांच्या पोटात त्या उभ्या राहिल्या, त्या साहेबांना वर्षानुवर्षं त्याचा पत्ताही नव्हता.

शनिवारपासून साहेब पोटाच्या डाव्या बाजूला हात दाबून चालत होते. बायकोनं ताप मोजला आणि त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, स्कॅन काढला आणि पडद्यावर बोट ठेवून समजावलं.

"ही आतड्याची भिंत. तुम्ही खाता मैदा आणि बिस्किटं, चोथा नावालाही नाही, पाणी चहातून जाईल तेवढंच. मग मळ कडक होतो, आतड्याला जोर लावावा लागतो. आत दाब वाढला, की भिंत जिथं कच्ची असते तिथून बाहेर फुगते. वय वाढलं की पुष्कळांना होतं. बहुतेकांना कळतही नाही."

"दाब आला की भिंत पुढे सरकते," साहेब गंभीरपणे म्हणाले. "आमच्या खात्याला हे नवीन नाही."

"यातल्या एका पिशवीला सूज आलीय. या गोळ्या आजच सुरू करा, दोन-तीन दिवस पातळ घ्या, आराम करा. सगळं शांत झालं की नळी घालून एकदा आतून बघू. पुढे भाज्या, सालासकट फळं, भरपूर पाणी, चालणं. बाकीच्या पिशव्यांना हात लावायचा नाही."

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे पाडायच्या नाहीत?"

"त्रास देत नाहीत तोवर राहू द्यायच्या."

"कोणत्या नियमाखाली? आज यांना राहू दिलं, तर उद्या शेजारचा म्हणेल, मी काय घोडं मारलंय?"

"शेजारचा कोण?"

"मूत्राशय धरा!"

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला आणि गोळ्या पर्समध्ये टाकल्या.

साहेब घरी न जाता थेट कचेरीत गेले आणि स्वतःच्या आतड्याविरुद्ध स्वतःच तक्रार नोंदवली. ते तत्त्वाचे पक्के होते, पण त्याहून हिशेबाचे पक्के होते. तक्रार फिरून आपल्याच टेबलावर येणार, आपण सगळ्या पिशव्या एका सहीत नियमित करणार, आणि कायद्यानं साहेबालाही सोडलं नाही म्हणून गावभर नाव होणार, ते वेगळंच. दुखत असूनही त्यांना गुदगुल्या झाल्या.

पण स्वतःच्या प्रकरणात अधिकाऱ्यानं निर्णय देऊ नये, असा नियम होता. तो साहेबांनीच, दुसऱ्या एका अधिकाऱ्याची जिरवायला केला होता. त्यामुळे प्रकरण त्यांच्या सहायकाकडे गेलं. या सहायकाला सगळे टेपवाले म्हणत. मोजायची टेप त्यांच्या खिशात कायम असे, आणि साहेबांच्या खुर्चीची रुंदी त्यांनी फार पूर्वीच मोजून ठेवली होती.

"साहेब, आपल्या पोटावर कारवाई करताना हात थरथरतो," टेपवाले डोळे पुसत म्हणाले आणि जराही न थरथरता त्यांनी 'जैसे थे'चा आदेश काढला. अंतिम निर्णय होईपर्यंत सदर आतड्यात कोणताही बदल करू नये, सदर मार्गाचा वापर बंद ठेवावा आणि विद्यमान सूज आहे त्या स्थितीत जतन करावी.

"आणि गोळ्या?" साहेबांनी विचारलं.

"गोळ्यांनी सूज उतरते, साहेब. म्हणजे पुरावा नष्ट होतो."

साहेबांचा ऊर भरून आला. एवढा बारकावा खात्यात दुसऱ्या कुणाला सुचला नसता. हा माणूस आपल्याच हाताखाली तयार झाला, या आनंदात त्यांनी आदेश स्वीकारल्याची सही केली.

संध्याकाळी टेपवाल्यांनी साहेबांच्या घरच्या संडासाला लाखेचं सील लावलं. आत जायचं नाही म्हटल्यावर साहेबांनी खाणंपिणंही सोडलं. बायकोनं गोळी पाण्यात विरघळवून पाजायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी वासावरून ओळखलं.

"अहो, घ्या ना! कोण बघतंय इथं?"

"मी बघतोय. आणि सुनावणीत माझं पारडं जड आहे."

"खड्ड्यात गेली ती सुनावणी! मला तुम्ही हवे आहात हो, तुमचं प्रकरण नको!" ती रडायलाच लागली. साहेबांना क्षणभर वाईट वाटलं, पण ताप चढलेला असल्यामुळे त्यांनी ते तापावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात सुनावणी भरली. पिशव्या हद्दीबाहेर गेल्यामुळे शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकणं भाग होतं. मूत्राशय, प्लीहा आणि लहान आतडं यांच्या नावानं तीनदा पुकारा झाला. कुणीच हजर राहिलं नाही. लहान आतड्याचा पत्ता लांबलचक असल्यानं नोटीस पोचली नसावी, असं टेपवाल्यांनी नोंदवलं आणि सुनावणी तहकूब केली.

त्याच वेळी साहेब सोफ्यावरून खाली घसरले. पोट लाकडासारखं कडक झालं होतं, अंगाला दरदरून घाम सुटला होता. बायकोनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"एकही गोळी घेतली नाही?" त्या ओरडल्या. "पिशवी फुटली असणार. विष पोटभर पसरतं यात, जीव जाईल! रुग्णवाहिका पाठवतेय, मी शस्त्रक्रियेची तयारी करते. निघा!"

"वहिनी, जागा हलवल्यास 'जैसे थे'चा भंग होतो," टेपवाले अदबीनं म्हणाले.

"होऊ दे. तुम्ही पायाकडून उचला!"

टेपवाल्यांनी उचललं. आजवर त्यांनी एवढं जड प्रकरण हाताळलं नव्हतं.

साहेबांना घेऊन रुग्णवाहिका दवाखान्याकडे निघाली, पुढच्या गल्लीत शिरली आणि अडकली. नकाशावर ही गल्ली ऐसपैस होती. पण कुणाची पायरी पुढे आली होती, कुणाचा ओटा, कुणाच्या दुकानाची फळी, कुणाचा जिना. साहेबांनी खिडकीतून पाहिलं आणि एकेकाला ओळखलं.

"ती पायरी मी नियमित केली. तो ओटाही मीच. त्या जिन्याच्या वेळी मात्र वरून फार दाब होता हो," ते कण्हत म्हणाले. बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला. आता तिला रागही येईना, नुसती भीती वाटत होती.

बायको दारोदार धावली. सगळे फार हळहळले. पायरीवाल्यानं आधी ओटेवाल्याला सांगा म्हटलं, ओटेवाल्यानं दुकानदाराकडे बोट दाखवलं, दुकानदार म्हणाला, आमची फळी ती केवढीशी! तरी इंच इंच करत चालकानं गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत आणलीच. शेवटच्या घरापाशी ती पुन्हा थांबली. त्या घराची गॅलरी काचा लावून रस्त्यावर ओढून घेतलीय आणि तिला खालून लोखंडी खांबाचा टेकू दिलाय. खांबाला मालकाची गाडी चिकटून उभी आहे. ती वीतभर सरकली तरी पुरे, असं चालक म्हणतोय.

मालक वर गॅलरीत पाय पसरून बसलाय. बाहेर कधीचा हॉर्न वाजतोय, पण त्याचं लक्ष नाही. तो कुठल्याशा साहेबाच्या पोटातल्या पिशव्यांची गोष्ट वाचतोय आणि खदाखदा हसतोय. खालून ती बाई हाका मारून थकली.

अहो, इकडे तिकडे काय बघताय? तुम्हालाच म्हणतायत त्या.