सद्भावनेची शोधसमिती

माल्टे वाकरहागेनने तो ग्रंथ चर्चच्या कायद्याच्या कपाटात लपवला, कारण त्या कपाटाकडे कुत्रेसुद्धा फिरकत नाही असे त्याचे ठाम मत होते. ग्रंथ आंतरराष्ट्रीय विक्री-करारांवरचा. उशीएवढा जाड. विधी विभागाच्या ग्रंथालयात त्याची एकच प्रत होती, ती घरी न्यायला बंदी होती आणि प्रकाशकाने ती अजून संगणकावर आणलेली नव्हती. प्राध्यापक क्राख्टबाईंनी दिलेला निबंध या ग्रंथाशिवाय लिहिणे म्हणजे पिठाशिवाय पाव भाजणे होते. निबंधाचा विषय होता, ‘आंतरराष्ट्रीय व्यापारात पक्षांची परस्परांविषयीची सद्भावना’.

माल्टे काही जगावेगळा बदमाश नव्हता. आमच्याकडे निबंधाचा हंगाम आला की कायद्याचे विद्यार्थी पुस्तके लपवतात, आणि हे आमच्या आजोबांच्या काळापासून चालत आले आहे. एरवी हीच मुले सायकलचा दिवा लागत नसला तर अनोळखी माणसाला भर रस्त्यात थांबवून नियम ऐकवतात. ग्रंथालयात शिरली की त्यांच्यातला नियम बाहेर कोटाच्या खुंटीवर राहतो. पदवीला लपवाछपवी कच्ची असते. पदव्युत्तर वर्गात ती पिकते, कारण इथे जगाचा व्यापार सचोटीने कसा चालवावा हे शिकायला आलेली मंडळी असतात.

या निबंधात पहिला येईल त्याला सिंगापूरला एक सत्र, विद्यापीठाच्या खर्चाने. जागा एकच. माल्टेने ती मिळाल्याचे आईला कळवूनही टाकले होते, आईने गावातल्या बेकरीत सांगितले होते, आणि एकदा बेकरीत सांगितले की गावात वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. ऐन फेब्रुवारीत, खिडकीबाहेर बर्फ पडत असताना, त्याने अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शीळ घालत चर्चच्या कपाटापाशी गेला, तर ग्रंथ जागेवर नाही. शेजारच्या टेबलावर एक म्हातारा तो उघडून बसला होता. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, अगदी चवीने वाचत होता.

“माफ करा,” माल्टे म्हणाला, “हे पुस्तक इथलं नाहीये.”

“इथलं नाही कसं? इथंच तर मिळालं. त्या पोपांच्या पत्रांच्या मागं.”

“म्हणजे कुणीतरी चुकून ठेवलं असणार.”

“कुणी?”

पुस्तक लपवताना सापडला तर वर्षभर ग्रंथालयबंदी, असे विभागात सगळे म्हणत. सिंगापूर तर गेलेच.

“सहज म्हटलं हो,” माल्टे म्हणाला.

म्हाताऱ्याचे नाव एगॉन बुडनझीक. जन्मभर बॉयलर विकले, दुकान मुलाला दिले आणि आता घरात बायको बसू देत नाही म्हणून विद्यापीठात बसतो. अशी पेन्शनर मंडळी आमच्या प्रत्येक वर्गात पहिल्या रांगेत असतात. ती सर्वांत आधी येतात, सर्वांत जास्त विचारतात आणि परीक्षा देत नाहीत. बुडनझीकच्या बहिणीने मरताना आपली चेरीची बाग चर्चला देऊन टाकली होती. ती परत मिळवायला तो चर्चचा कायदा शिकत होता. त्या विषयाला दुसरा विद्यार्थीच नसल्याने विभागाने त्याला कुलपाचे एक कपाट दिले होते. संध्याकाळी तो ग्रंथ त्यात ठेवी आणि किल्ली खिशात टाकी.

इकडे वर्गात हाकाटी सुरू झाली. गेसा ओल्टमान्स नावाची मुलगी, जिलाही सिंगापूरला जायचे होते, तिने वर्गाच्या गटावर लिहिले, ‘ग्रंथ गायब आहे. कुणी पाहिला का?’ चोराच्या मनात चांदणे. आपल्यावर संशय नको म्हणून माल्टेने सर्वांत जळजळीत उत्तर लिहिले. असली माणसे वकिलीच्या पेशाला कलंक आहेत, त्यांना शोधून काढलेच पाहिजे, आणि हा केवळ एका पुस्तकाचा नव्हे तर कायद्याच्या राज्याचा प्रश्न आहे.

त्याचा हा आवेश पाहून वर्गाने त्याला शोधसमितीचा अध्यक्ष केले. आम्ही चार जण एकत्र आलो की समिती होतेच, फक्त अध्यक्ष कोण एवढाच प्रश्न असतो. सगळ्यांनी आमच्या रीतीप्रमाणे, टाळ्यांऐवजी बाकांवर बोटे वाजवून त्याचे अभिनंदन केले. माल्टेलाही बोटे वाजवावी लागली.

“विभाग वाटून घेऊ,” गेसा म्हणाली. “मी करकायदा बघते. चर्चचं कोण बघतंय?”

“मी!” माल्टे इतक्या जोरात म्हणाला की काउंटरवरच्या बाईने चष्म्यावरून पाहिले.

शोध मोठ्या शिस्तीत झाला. तो एक ग्रंथ सोडून बाकी बरेच काही सापडले. जहाजांच्या कायद्यामागे विम्याचे पुस्तक, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरमागे लवादाची दोन, छत्र्यांच्या स्टँडमध्ये पेटंटचा कायदा. गेसाने स्वतः लपवलेले पुस्तक स्वतःच शोधून काढले आणि “काय एकेक माणसं असतात!” म्हणून मान हलवली. प्रत्येकाने दुसऱ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले. कोणते पुस्तक कुणी लपवले हे मात्र कुणी विचारले नाही. एवढी सद्भावना त्यांच्यात होती.

“आणि चर्च?” गेसाने विचारले.

“कानाकोपरा पालथा घातला. तिथं नाही म्हणजे नाही,” अध्यक्ष म्हणाले.

आता ग्रंथ मिळवायचा तर म्हाताऱ्याला खूश करण्यावाचून उपाय नव्हता. माल्टे रोज त्याच्याशेजारी जाऊन बसू लागला. आज देईल, उद्या देईल. म्हातारा एक परिच्छेद वाचे आणि तासभर चेरीच्या बागेबद्दल बोले.

“हे बघा काय लिहिलंय. माल ताब्यात आला की घेणाऱ्यानं तो लगेच तपासला पाहिजे. आमच्या पाद्रीबुवांनी बाग तपासली का? नाही तपासली! मग?”

“अहो, ते आंतरराष्ट्रीय विक्रीबद्दल आहे.”

“आमचे पाद्रीबुवा पोलंडचे आहेत. झालं की नाही आंतरराष्ट्रीय?”

“पण बहिणीनं बाग विकली नव्हती, दान दिली होती.”

“दान कसलं? बदल्यात स्वर्गात जागा मिळणार होती तिला. हा काय फुकटचा व्यवहार झाला?”

“बरं, मला जरा पाचच मिनिटं पुस्तक द्याल?”

“देतो की. एवढं प्रकरण होऊ दे.”

तेवढे प्रकरण कधी होतच नसे. त्यात बुडनझीकला मुलगा आवडला. असा ऐकून घेणारा श्रोता त्याला घरी मिळत नव्हता. एके दिवशी त्याने खिशातून लिव्हर सॉसेज लावलेला पाव काढला, नियम मोडून त्याचे दोन तुकडे केले आणि अर्धा माल्टेला दिला.

“आता अहोजाहो पुरे. मी एगॉन. तू माल्टे.”

आमच्याकडे वडीलधाऱ्याने असे म्हटले की नाही म्हणता येत नाही, आणि एकदा झालेले अरेतुरे मरेपर्यंत मागे घेता येत नाही. माल्टेने कोरडा घास गिळला. निबंधाचे त्याचे अजून एक पान झाले नव्हते. शीर्षक मात्र फार सुरेख टाईप केले होते.

निबंध द्यायच्या आदल्या दिवशी क्राख्टबाईंचा वर्ग ग्रंथालयाच्याच चर्चाखोलीत होता. मुदत वाढवून मागायची असे ठरले होते, आणि अर्थात अध्यक्षांनीच बोलायचे होते. माल्टेला तर देव पावला. तो उभा राहिला आणि असा बोलला की स्वतःचेच डोळे पाणावले. ग्रंथ कुणा नीचाने पळवला, समितीने जिवाचे रान केले, सगळी कपाटे पालथी घातली, तेव्हा न्यायाच्या दृष्टीने सर्वांना दोन आठवडे मिळावेत.

“सगळी कपाटं पाहिलीत?” क्राख्टबाईंनी विचारले. त्या बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळायची सोय नाही.

“सगळी. चर्चचं तर मी स्वतः पाहिलं.”

“ठीक आहे. तसं असेल तर दोन आठवडे...”

तेवढ्यात दार उघडले. एगॉन बुडनझीक ग्रंथ छातीशी धरून आत आला आणि सवयीने थेट पहिल्या रांगेत बसला. विषय त्याला आवडू लागला होता.

“अरे माल्टे! तू इथं होय? सकाळपासून वाट बघतोय तुझी,” तो म्हणाला आणि ग्रंथ दाणकन टेबलावर ठेवला.

गेसाने ग्रंथाकडे पाहिले, मग म्हाताऱ्याकडे, मग अध्यक्षांकडे.

“हे पुस्तक कुठं मिळालं तुम्हाला?” बाईंनी विचारले.

“चर्चच्या कपाटात. त्याला काय विचारायचंय? माल्टेला ठाऊक आहे की.”

“शी!” रेडिएटरमागे लवाद ठेवणारा मुलगा म्हणाला. “मला तर लाज वाटते या वर्गात बसायची.”

पण माल्टे अखेर कायद्याचा विद्यार्थी होता. ग्रंथ म्हाताऱ्याच्या हाती लागला त्याच रात्री त्याने नियमावली वाचून ठेवली होती.

“बाई, पुस्तक ग्रंथालयाबाहेर नेलं तरच बंदी आहे. मी ते बाहेर नेलेलंच नाही. फक्त दुसऱ्या कपाटात ठेवलं. उघड्या कपाटात! कुणीही येऊन वाचू शकत होतं.”

क्राख्टबाईंनी क्षणभर विचार केला. “मुद्दा बरोबर आहे. बंदी घालता येणार नाही.”

माल्टेच्या जिवात जीव आला.

“म्हणजे ग्रंथ कुठं आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं,” बाई पुढे म्हणाल्या. “मग ज्यांना तो मिळालाच नाही, त्यांना दोन आठवडे. तुम्हाला वाढवून द्यायचं काही कारण दिसत नाही. उद्या दुपारी निबंध घेऊन या.”

“पण मी त्यातली एक ओळसुद्धा वाचलेली नाही!” माल्टे ओरडला. “देवाशप्पथ! विचारा हवं तर यांना! एगॉन, सांगा... सांग ना यांना!”

एगॉन बुडनझीक उभा राहिला. आपला तरुण मित्र कसल्याशा अडचणीत आहे एवढे त्याला कळले होते, आणि मित्रासाठी खोटे बोलायला तो कचरणारा नव्हता.

“वाचलं नाही काय म्हणतोस, अरे! बाई, लाजतोय तो. रोज माझ्या मांडीला मांडी लावून बसायचा. पान न् पान आम्ही दोघांनी मिळून वाचलंय. मला नाही कळलं तर हाच समजावून द्यायचा. माझा शब्द घ्या, एवढा ग्रंथ या गावात दुसऱ्या कुणाला पाठ नसेल.”

सगळ्या वर्गाने बाकांवर जोरजोरात बोटे वाजवली.

“तोंड काय पाडतोस?” एगॉन हळूच म्हणाला. “संपलं माझं वाचून. घे आता तू.”

त्याने ग्रंथ पुढे केला. माल्टेचा हात अर्ध्यावर गेला असेल नसेल, तोच मधल्यामध्ये गेसाने ग्रंथ उचलून काखेत मारला.

“तुझा तर पाठ आहे ना रे,” ती म्हणाली, आणि वाचायला खालच्या वाचनकक्षात निघून गेली.