हेडक्लार्कांचा वाळूचा हौद

"शुक्रवारपर्यंत पोरगी घडाघडा बोलायला लागली नाही, तर नाव बदलीन!" हेडक्लार्कांनी बायकोला ठणकावून सांगितलं.

"नाव राहू द्या, आधी बनियन बदला," बायको म्हणाली.

पण प्रश्न गंभीर होता. चिमीचा घरात तोंडाचा पट्टा चालू, आणि परकं माणूस दिसलं की चिडीचूप! बालवाडीच्या दोन मुलाखतींत तिनं नावसुद्धा सांगितलं नव्हतं. आता शुक्रवारी बाई घरी येणार होत्या. शेवटची संधी!

हेडक्लार्कांनी ऑफिसात लेख वाचला : वाळूत खेळल्यानं मुलांची बोटं बळकट होतात, एकाग्रता वाढते, भाषा फुलते. झालं! परसात विटांचा हौद, चार पोती वाळू आणि भिंतीवर वेळापत्रक : 'पाच ते पाच-दहा, खड्डा. पाच-दहा ते पाच-वीस, कल्पनाशक्ती.'

"कल्पनाशक्ती दहाच मिनिटं?"

"पुढं एकाग्रता आहे ना!"

"गोल नको, आयत कर! डावा हात!" असा त्यांचा तीन दिवस धोशा चालला. चिमीनं वाळूला बोटही लावलं नाही.

शुक्रवारी ते ऑफिसला गेले आणि सासरेबुवा आले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस! असली वाळू नुसती पडलेली बघून त्यांचे हात शिवशिवले. परसातला कट्टाही फुटलेलाच होता.

संध्याकाळी हेडक्लार्क ऐटीत बाईंना परसात घेऊन आले. हौद रिकामा!

"मामा, वाळू कुठाय?"

"कट्ट्यात."

"अहो, तो मुलीचा विकास होता!"

"मग आता पक्का झाला की!"

बाईंनी चिमीला विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?" चिमी गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. संपलं सगळं!  हेडक्लार्क मटकन कट्ट्यावर बसले.

"बाबा, ऊठ!" चिमी किंचाळली. "ओला आहे तो! मी चाळलेली वाळू आहे! चार घमेली वाळू, एक घमेलं सिमेंट! आजोबा, थापी द्या, कोपरा गेला!" मग बाईंचा हात धरून तिनं चाळण कशी हलवायची, पाणी कधी थांबवायचं, सगळं बजावून सांगितलं. मध्ये नावही सांगून टाकलं.

हेडक्लार्कांचे डोळे भरून आले. आनंदात उठायचंही त्यांना सुचेना.

बाईंनी हसू दाबत फॉर्म भरला : 'मुलीला प्रवेश द्यावा. वडिलांना रोज तासभर वाळूत खेळवावं.'