कपाळावर काहीही लिहिलेलं नसतं

त्या दुपारी पाहुणे आधी आले की मला स्वप्न आधी पडलं, हे आता मला खात्रीनं सांगता येणार नाही. (बायकोला येईल. पण तिला माझ्याबद्दलचं सगळंच खात्रीनं सांगता येतं.) विमान निळं होतं, एवढं मात्र नक्की. निदान तसं मला वाटतं.

सुरुवात गोंदापासून झाली. निवृत्त झाल्यावर मी खुर्चीचा निखळलेला पाय चिकटवायचं ठरवलं आणि गोंद आणायला गेलो. दुकानदारानं विचारलं, "लाकडासाठी की प्लास्टिकसाठी?" मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस. माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, त्याच्या कपाळावर आधीपासून काहीही लिहिलेलं नसतं, हे मी माझ्या प्रबंधात चारशे पानं खर्चून सिद्ध केलं आहे. पण दोनांतलं एक निवडायची वेळ आली की मला घाम फुटतो.

"प्लास्टिकसाठी," मी म्हणालो, कारण तो शब्द शेवटी कानावर पडला होता.

"काय चिकटवायचंय?"

आता मागे फिरणं बरं दिसलं नसतं. त्याच्या डोक्यावरच्या फळीवर एक भलामोठा खोका होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"हे काय आणलंत?" बायकोनं दारातच विचारलं.

"गोंद."

"आणि हे धूड?"

"गोंदाला काम."

खोक्यात युद्धकाळातलं एक लढाऊ विमान होतं, जहाजावरून उडणारं आणि जहाजावरच उतरणारं. अर्थात सुटं. खऱ्याच्या अठराव्या हिश्शाएवढं, असं खोक्यावर छापलं होतं. ऐकायला हे लहान वाटतं, पण पंख पसरले की त्यानं आमचं जेवणाचं टेबल या कडेपासून त्या कडेपर्यंत व्यापलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो.

पण काय सुरेख दुपारी होत्या त्या. खिडकीतून ऊन टेबलावर यायचं. मी एकेक तुकडा घासायचा, गोंदाचं टिपूस लावायचं आणि दोन बोटांत धरून बसायचं. बसल्या बसल्या समुद्र ऐकू यायचा. (तो नळ होता, हे नंतर कळलं.) शेपटीखाली एक इवलासा आकडा होता. डेकवर उतरताना तो तिथल्या तारेत अडकला तर विमान थांबायचं, नाही अडकला तर पुढे समुद्र. एवढ्याशा आकड्यावर एका माणसाचा जीव, या विचारात माझ्या हातातला गोंद वाळून जायचा.

पंखांपाशी गाडी अडली. जहाजावर जागा कमी, म्हणून या विमानाचे पंख पाखरासारखे मागे मिटतात. मॉडेलचे मात्र एकदा चिकटवले की चिकटवले. उघडे ठेवायचे की मिटलेले, हे आधीच ठरवायचं होतं. मी पुष्कळ विचार केला आणि शेवटी एक उघडा चिकटवला, एक मिटलेला.

"हे काय, सलाम ठोकतंय का?" बायको म्हणाली.

अशात लेकीनं सांगितलं की तिला ज्याच्याशी लग्न करायचं आहे, तो रविवारी दुपारी आईला घेऊन येणार आहे. आई डोळ्यांच्या डॉक्टर.

"त्या हो म्हणाल्या तरच तो पुढे जाईल, बाबा. त्यांच्या मनात जरा शंका आहे."

"तुझ्याविषयी?"

"तुमच्याविषयी. व्याख्यान सुरू झालं की त्यांचं डोकं उठतं. आणि तुम्ही एकदा सुरू झालात की तुम्हाला थांबवायचं कसं, हे अजून कुणाला सापडलेलं नाही."

मी शब्द दिला. शिवाय ते यायच्या आत विमान पुरं करून टेबल मोकळं करायचंही कबूल केलं. उरली होती फक्त चिकटवायची अक्षरं. 'येथे पाय ठेवू नये', 'तेल येथे भरावे' असल्या मुंगीएवढ्या सूचना. त्या बशीतल्या पाण्यात भिजवल्या की खालचा कागद सुटतो आणि पातळ पापुद्रा विमानावर अलगद सरकवता येतो. रविवारी जेवण झाल्यावर मी त्या भिजवून टेबलावर मांडल्या आणि कागद सुटायची वाट पाहत तिथेच डोकं टेकलं.

मग मी समुद्रावर होतो. खाली निळं, वर निळं आणि मध्ये मी. दूरवर जहाज दिसत होतं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. मी आकडा खाली सोडला. डेकच्या टोकाला एक माणूस दोन्ही हातांत फडकी घेऊन मला खुणावत होता. जवळ गेलो तर ती बायको. "खाली," ती ओरडत होती, "अजून खाली. आता उठा."

"अहो, उठा," बायको म्हणाली. तिच्या दोन्ही हातांत खरोखरच फडकी होती. "दारात उभे आहेत ते."

ती दाराकडे धावली. मी केस सारखे केले. विमान हलवायला वेळच नव्हता. सगळे त्याच्याभोवती बसले. डॉक्टरीणबाई शेपटीच्या बाजूला, मी नाकाच्या.

"आमच्याकडे दुपारचं ऊन फार छान येतं," मी सुरुवात केली. बायकोनं कपाळाला हात लावला.

मी विषय बदलला. "निवृत्तीनंतर वेळ कसा जातो, हा एक प्रश्नच आहे." आता लेकीनं कपाळाला हात लावला.

चुकतंय काय, मला कळेना. मी विमानाकडे वळलो. तरुणानं लगेच फोन काढून विमानाचा फोटो घेतला. मला हायसं वाटलं. मग त्यानंही माझ्याकडे बघत कपाळाला हात लावला. आपल्यामुळे इतकी माणसं इतक्या थोड्या वेळात हताश झालेली मी वर्गातही पाहिली नव्हती. मी गप्प झालो. लेकीसाठी मी त्या खोलीत शेवटपर्यंत गप्प राहायला तयार होतो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, तुमच्या कपाळावर लिहिलंय."

हे मात्र माझ्या प्रबंधावर आलं.

"माफ करा," मी म्हणालो, "कपाळावर काहीही लिहिलेलं नसतं."

"नसतं?"

"नसतं. ती भाबडी समजूत आहे. तिचं मूळ असं..."

"बाबा," लेक म्हणाली.

"मला तर इथून वाचता येतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"ते वाचणाऱ्याच्या मनात असतं."

"मी डोळ्यांची डॉक्टर आहे."

"डोळ्यांवर तर मुळीच विसंबू नये. याची तीन कारणं आहेत. त्यातलं पहिलं..." लेकीनं डोळे मिटून घेतले. ते पाहूनही मला थांबता येईना.

डॉक्टरीणबाई उठल्या. पर्समधून चष्मा काढून त्यांनी नाकावर चढवला, विमानाला वळसा घालून माझ्यापाशी आल्या, वाकून नीट पाहिलं आणि अंगठ्यानं माझं कपाळ दाबलं. बरोबर मधोमध.

मी थांबलो. शब्द अर्ध्यावर राहिला. पंख्याच्या वाऱ्यानं विमानाचं पातं हळूच फिरत होतं, एवढाच आवाज. कुठेतरी तार लागली आणि आकडा अडकला, असं मला वाटलं.

त्यांनी अंगठा काढला. थोडं थांबून पाहिलं. मी काही बोललो नाही.

"चालतं की," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या. मग लेकीकडे वळल्या. "माझी हरकत नाही गं."

पाहुणे गेल्यावर बायकोनं मला बेसिनसमोर उभं केलं. आरशात बघायच्या आतच तिनं ओला टॉवेल फिरवला आणि एक पातळसा पापुद्रा पाण्याबरोबर निघून गेला.

"काय लिहिलं होतं?"

"मी काय चष्मा लावून बसले होते? काळं काहीतरी दिसत होतं."

"'येथे पाय ठेवू नये' असेल, बाबा," डोळे पुसत लेक म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. ते आनंदाचं असावं.

मला ते पटलं. त्यात एक प्रकारचा दरारा होता. विहीणबाईंनी वाद का सोडला आणि लग्नाला हो का म्हणाल्या, याचा उलगडा मी पुढे कित्येक वर्षं असाच करत आलो. आजही मी जरा लांबण लावली की त्या माझ्या कपाळाकडे बघून मंद हसतात. मला तो आदर वाटायचा.

परवा जावयानं तो जुना फोटो मोठा करून त्यांच्या दिवाणखान्यात लावला. माझ्या जोडकामातल्या फटी दिसतात का, हे बघायला मी भिंग घेऊन जवळ गेलो. फटी दिसतात. मिटलेल्या पंखामागे मीही दिसतो. आणि माझ्या कपाळावर, अगदी सरळ रेषेत, पंख मिटायच्या कळीवर लावायची सूचना आहे: 'येथे दाबा'.